नाव माहीत नसलेलं झाड : वर्गीकरण शिकवताना झालेली माझी एक चूक



आजचा लेख एका झाडावर आहे. झाड मादागास्करचं आहे आणि मी ते प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, पुढे पाहीन असंही वाटत नाही. पण त्या झाडामुळे 'वनस्पतींचे वर्गीकरण' हा घटक शिकवण्याची माझी पद्धत बदलली, म्हणून लिहितेय. आधी माझ्या वर्गातली गोष्ट सांगते, कारण तिथे चूक माझीच होती.

आमची शाळा कोकणात आहे. जिल्हा परिषदेची, लहानशी. चौथीच्या वर्गाला मी प्रकल्प दिला होता, 'परिसरातील दहा झाडांची पाने जमवा, वहीत चिकटवा, खाली नाव लिहा.' आपण सगळेच देतो तो प्रकल्प. नऊ-दहा वह्या अगदी सारख्या आल्या. आंबा, फणस, वड, पिंपळ, तुळस, जास्वंद. एका वहीत मात्र माशाच्या शेपटीसारखं, टोकाला फाटल्यासारखं दिसणारं एक पान होतं. त्याच्याखाली त्या मुलाने लिहिलं होतं, 'माडाचा भाऊ'.

मी लाल पेनाने फुली मारली. 'नाव चूक. असे झाड नसते.' एक गुण कापला.

वही परत घेताना तो म्हणाला, "बाई, तो माडासारखोच उभो ऱ्हवता. पान मात्र येगळा." मी म्हटलं, नाव विचारून यायचं घरी. विषय संपला. संध्याकाळी सासऱ्यांना पान दाखवलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "अगं, भेरली माड तो. लग्नाच्या मांडवाला याच्या झावळ्या लावतात ना!" म्हणजे मुलाला नाव ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. फरक एवढाच की त्याने बघून, विचार करून काहीतरी लिहिलं होतं आणि माझ्या हातात लाल पेन होतं.

तेव्हा मला एवढंच वाईट वाटलं की आपल्याला नाव आलं नाही. खरी चूक काय होती ते नंतर कळलं, मादागास्करच्या त्या ताडाबद्दल वाचताना. आता तिकडे वळते.

मादागास्कर हे आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात असलेलं बेट. बेट म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर दोन माड आणि वाळू येते, म्हणून आधी आकार सांगावा लागतो. महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे ते. आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडते. हे बेट एके काळी आपल्या भारताला चिकटलेलं होतं. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले, भारत उत्तरेला सरकत गेला आणि मादागास्कर मागे राहिला. इतकी वर्षं समुद्राने वेगळं पडलेल्या जमिनीवर झाडं-प्राणी आपापल्या वाटेने बदलत जातात. त्यामुळे तिथे दोनशेच्या आसपास जातींचे ताड-माड आहेत आणि त्यातले जवळजवळ सगळे जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत.

या ताडांची नोंद झाली नव्हती असं नाही. लंडनजवळ क्यू येथे रॉयल बोटॅनिक गार्डन्स ही मोठी संस्था आहे. तिथले ताडतज्ज्ञ जॉन ड्रान्सफिल्ड यांनी हेन्क बेन्टये यांच्याबरोबर १९९५ मध्ये मादागास्करच्या ताडांवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. म्हणजे सगळं मोजून झालं, असं कुणालाही वाटावं.

आणि मग बेटाच्या वायव्य भागात, अनालालावा जिल्ह्यात, काजूची बाग सांभाळणारा एक माणूस कुटुंबाबरोबर फिरायला गेला. झेव्हिए मेट्झ हे त्याचं नाव. (काजूची बाग म्हटल्यावर माझ्या वर्गातली निम्मी मुलं ताठ बसली. इथे घराघरात काजू आहे ना!) मेट्झना एक प्रचंड ताड दिसला. खोड अठरा मीटरपर्यंत उंच आणि पानं पंख्यासारखी, एकेक पान पाच मीटर रुंद. शेंड्यावरून फुलोऱ्याचा भलामोठा डोलारा वर गेलेला. त्यांनी फोटो काढले. ते फोटो इंटरनेटवरून फिरत फिरत क्यूला ड्रान्सफिल्ड यांच्यापर्यंत पोचले.

आता इथे जरा थांबूया, कारण आपल्या वर्गाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे.

फोटो बघून जाणकाराला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हा तर तालिपोट दिसतोय! तालिपोट म्हणजे श्रीलंका आणि केरळकडचा मोठा ताड. याच्या पानांवर जुन्या पोथ्या लिहीत. आपल्याकडे लहान बाळांना दृष्ट लागू नये म्हणून बजरबट्टू बांधतात, तो बजरबट्टू म्हणजे याच झाडाचं बी. तालिपोटही असाच अवाढव्य. त्याचीही पानं पंख्यासारखी, त्याचाही फुलोरा शेंड्यावर, आणि तोही आयुष्यात एकदाच फुलतो, फळं धरतो आणि मरून जातो. नवीन ताडही तेच करतो. एकदाच बहर, असंख्य फुलं, फुलांतून मध गळतो, त्यावर कीटक आणि पक्षी येतात, झाड साठवलेलं सगळं अन्न फळांत घालतं आणि मग वाळून कोसळतं. आपल्याकडची कारवी सात वर्षांनी फुलते आणि मरते, बांबूचंही तसंच, हे सांगितलं की मुलांना चटकन कळतं. आमच्या भेरली माडाचंसुद्धा असंच आहे, तो फुलोरे वरून खालपर्यंत काढत येतो आणि मग संपतो. हे मला या निमित्ताने समजलं.

जाता जाता एक तक्रार. तेव्हा बऱ्याच बातम्यांनी या झाडाला 'आत्महत्या करणारा ताड' म्हटलं. कृपा करून वर्गात हा शब्द वापरू नका. मुलांसमोर तो नकोच, आणि तो खराही नाही. झाड बी तयार करण्यासाठी सगळं खर्च करतं. त्याचं जगणं त्यातूनच पुढे जातं.

असो. तर दिसायला तालिपोटासारखा. पण तालिपोट मादागास्करमध्ये कधीच सापडलेला नव्हता. मग काय करायचं? फोटोवरून ठरवायचं नाही, एवढं त्यांनी केलं. नमुने मागवले. मिजोरो राकोतोआरिनिव्हो हे मलागासी वनस्पतिशास्त्रज्ञ या कामात होते. पानं, फुलोऱ्याचे तुकडे आणि फुलं तपासली. फुलोऱ्यावर फुलं कशी लागतात, त्यांच्या झुबक्यांची मांडणी कशी, खालची छोटी आवरणं कशी, हे एकेक पाहिलं. पानाच्या तुकड्यांतून डीएनए काढून इतर ताडांशी ताडून पाहिला.

निघालं काय, तर हा तालिपोटाचा जवळचा नातेवाईक नाहीच! ताडकुलात एक छोटासा वेगळा गट आहे, च्युनिओफिनिसी नावाचा. त्यात तोवर तीनच प्रजाती होत्या. एक अरबस्तानापासून इराण-अफगाणिस्तान-पाकिस्तानपर्यंतच्या कोरड्या मुलखात वाढते, दुसरी दक्षिण थायलंडच्या जंगलात आणि तिसरी व्हिएतनाम आणि दक्षिण चीनमध्ये. आणि चौथा भाऊ एकदम मादागास्करमध्ये! पहिल्या तिघांशीही तो इतका जुळत नव्हता की त्याला त्यांच्यातल्या एखाद्या प्रजातीत बसवावं. म्हणून नुसती नवी जात नव्हे, तर नवी प्रजातीच करावी लागली. २००८ च्या सुरुवातीला लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. नाव दिलं 'ताहिना स्पेक्टॅबिलिस'. 'ताहिना' या मलागासी शब्दाचा अर्थ रक्षण लाभलेला, आशीर्वाद मिळालेला. मेट्झ यांच्या मुलीच्या नावातही तो शब्द आहे. 'स्पेक्टॅबिलिस' लॅटिन, म्हणजे बघत राहावा असा.

ही बातमी वाचून झाल्यावर मला त्या मुलाची वही आठवली. 'माडाचा भाऊ.'

बघा ना, त्या मुलाने काय केलं होतं? नाव माहीत नव्हतं. मग त्याने झाड नीट बघितलं, उभं राहणं माडासारखं आहे हे टिपलं, पान वेगळं आहे हेही टिपलं आणि ओळखीच्या झाडाशी त्याचं नातं लावलं. भेरली माड आणि नारळाचा माड एकाच ताडकुलातले आहेत, म्हणजे त्याचं म्हणणं बरोबरसुद्धा होतं. क्यूच्या लोकांनी सुरुवात अशीच केली होती. ही झाड कोणाच्या जवळचं, कोणापासून वेगळं? त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आणि डीएनए होता, याच्याकडे दोन डोळे होते. आणि मी त्याचा गुण कापला, कारण माझ्या रकान्यात 'नाव' हवं होतं.

माझं मत असं झालंय की आपण प्राथमिक शाळेत वर्गीकरण शिकवतच नाही. वर्गीकरणाचा निकाल पाठ करून घेतो. वृक्ष, झुडूप, रोपटे, वेल, प्रत्येकाची तीन उदाहरणे. वरच्या वर्गात गेलं की सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मुलं धडाधडा म्हणून दाखवतात. पण 'केळ हे झाड की रोपटं?' असं विचारलं की वर्गात शांतता. आणि खरं सांगायचं तर स्टाफरूममध्येही शांतता! मुलांना हे कळतच नाही की हे रकाने कुणीतरी केलेत, कशावरून तरी केलेत आणि नवीन काही सापडलं तर बदलावेही लागतात.

डी.एड.ला असताना आमच्या पाठ टाचणात 'निरीक्षण' हा शब्द असायचाच. निरीक्षण करा, वर्गीकरण करा, निष्कर्ष काढा. आम्ही तो ठळक अक्षरात लिहायचो. पण निरीक्षणातून निघालेलं उत्तर टाचणातल्या अपेक्षित उत्तरापेक्षा वेगळं आलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. आता आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी करतानाही बघा, आपण 'दहापैकी किती नावे बरोबर' हेच मोजतो. कारण ते मोजायला सोपं. मी कुणाला नावं ठेवत नाहीये, अठरा कामं असतात आपल्याला. पण सोपं आहे म्हणून तेच मोजत राहिलं तर मुलं तेवढंच करतात. वड, पिंपळ, तुळस. ज्याचं नाव येत नाही ते पान वहीत येतच नाही.

पालकांशीही थोडं बोलायचंय. प्रकल्प आला की हल्ली घरी काय होतं? दुकानातून झाडांचा छापील तक्ता आणायचा, कापून चिकटवायचं. नाहीतर मोबाइल. पानावर कॅमेरा धरला की नाव येतं. मी मोबाइलच्या विरोधात नाही, मीही वापरते. पण एक विचार करा. मेट्झनी त्या दिवशी असा मोबाइल त्या ताडावर धरला असता तर काय नाव आलं असतं? जे नाव अजून कुणी दिलंच नव्हतं ते यंत्र कुठून आणणार? फार तर 'तालिपोट' आलं असतं आणि ते चूक ठरलं असतं. आपली मुलं नवीन जाती शोधतील असं मी म्हणत नाही. पण मुलाने 'हे झाड कोणतं गं आई?' विचारलं आणि तुम्हाला येत नसेल, तर लगेच कॅमेरा काढण्याआधी पाच मिनिटं त्याच्याबरोबर झाडाखाली उभं राहून बघा. पान कसं, साल कशी, चीक निघतो का (हात लावताना जपून!), कोणासारखं वाटतं. मग काढा मोबाइल. तेव्हा आलेलं नाव पटतंय की नाही, हे मूल स्वतः सांगेल.

आता 'शोध' या शब्दाबद्दल. अमुकने या झाडाचा शोध लावला, असं आपण बिनदिक्कत लिहितो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग तिकडच्या लोकांना ते झाड दिसतच नव्हतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. अठरा मीटरचं झाड कोणाला दिसणार नाही? उपग्रहाच्या चित्रांतसुद्धा ते ओळखता आलं. मलागासी भाषेत त्याला 'दिमाका' म्हणतात. म्हणून मी आता फळ्यावर 'शोध लागला' असं न लिहिता 'विज्ञानात नोंद झाली' असं लिहिते. नोंद म्हणजे काय तेही सांगते. झाडाचा एक नमुना वाळवून, दाबून संग्रहात कायमचा ठेवायचा. पुढे कधीही शंका आली तर त्याच नमुन्याशी ताडून बघायचं. सविस्तर वर्णन छापायचं, हे इतरांपेक्षा वेगळं कसं ते पुराव्यासह मांडायचं. २०११ अखेरपर्यंत तर नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावंच लागे, आता इंग्रजीही चालतं. एवढं झाल्याशिवाय नाव ग्राह्य नाही. मग ते नाव जपानमध्ये, ब्राझीलमध्ये, आपल्या पुण्यात एकच. दिमाका आणि ताहिना, दोन्ही नावं खरी, त्यांची कामं वेगळी.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत मेट्झ यांचंही नाव आहे. काजूच्या बागेचे व्यवस्थापक, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या रांगेत. ज्याने पाहिलं त्याला श्रेय. हे नेहमी होतंच असं नाही. पण आपल्याच किनाऱ्यावरचं एक जुनं उदाहरण आहे. सतराव्या शतकात डच लोकांनी केरळात 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. त्यात झाडांची माहिती देणारे इट्टी अच्युतन हे वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोकणी बोलणारे पंडित होते. १६७८ च्या पहिल्या खंडात या तिघांची साक्ष कोकणीत, देवनागरी अक्षरांत छापलेली आहे. तालिपोटाचं वर्णनही त्या ग्रंथात आहे आणि १७५३ मध्ये लिनिअसने तालिपोटाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्याने या ग्रंथाचा आधार घेतला. म्हणजे आपण 'लिनिअसने नाव दिले' म्हणतो, त्याच्या मागे इथल्या वैद्यांची ओळख आहे. हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं की नको?

बरं, वर्गात नेमकं काय केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर बघा.

पानाचा आकार सांगून कळत नाही. मी अडीच मीटरची सुतळी घेतली, एका मुलाला मध्ये उभं केलं आणि दुसऱ्याला सुतळी ताणून फिरायला लावलं, मागून फक्की टाकत गेलो. पाच मीटरचं वर्तुळ मैदानावर. "हे एक पान." सगळा वर्ग त्यात आरामात बसला, वर दप्तरंही मावली. मग मी एक पुठ्ठा दाखवला, ४२ सेंमी लांब आणि २८ सेंमी रुंद. नमुना चिकटवायचा कागद साधारण एवढा असतो. "आता हे पान या कागदावर बसवा." पुढची वीस मिनिटं मी गप्प होते. घडी घालू. कापून तुकडे करू. पण मग कुठला तुकडा कुठला ते कसं कळणार? नंबर घालू. फोटो काढू. मोजून वहीत लिहू. एकजण म्हणाली, "फक्त देठाकडचा, मधला आणि टोकाचा तुकडा घ्यायचा." मोठ्या ताडांचे नमुने गोळा करणारे लोक खरोखर असंच काहीसं करतात. घड्या, तुकडे, मोजमापं, फोटो. मी काहीच शिकवलं नव्हतं.

मग तीन चित्रं काढली : तालिपोट, ताहिना आणि त्या छोट्या गटातला थायलंडचा ताड. विचारलं, ताहिनाचा भाऊ कोण? सगळ्यांनी तालिपोट सांगितलं. दोघं मोठे, दोघं एकदाच फुलणारे. खरं उत्तर सांगितल्यावर एकदम गलका. "असं कसं?" मग देवमासा आठवला एकाला, की तो माशासारखा दिसतो पण मासा नाही. वटवाघूळ आठवलं. सारखं दिसणं वेगळं आणि नातं वेगळं, हे त्या दिवशी त्यांचं त्यांना समजलं. शेजारच्या दोघींच्या जुळ्या वेण्यांवरून एक विनोदही झाला, तो इथे सांगत नाही.

या झाडाची पुढची हकीकतही मुलांना सांगाच. मोठी झाडं शंभरसुद्धा नव्हती, तीही एकाच लहानशा भागात. नाव मिळालं आणि लगेच 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेलं. पण नाव मिळालं म्हणूनच जायला जागा झाली, नोंद नसलेल्या झाडाला कोण वाचवणार? गावकऱ्यांनी समिती करून राखण सुरू केली. बिया गोळा करून बीजपेढीत आणि जगभरच्या वनस्पती उद्यानांत पाठवल्या. काही बिया ताडप्रेमींना विकल्या आणि पैसे गावासाठी ठेवले. माझ्या मुलांनी यावर हिशोबाची गणितं घातली, कारण काजूबीचा दर त्यांना पाठ असतो.

एक शंका काही सहकारी नक्की काढतील, मलाही केंद्राच्या शिक्षण परिषदेत ऐकायला मिळाली. "मॅडम, हे सगळं छान, पण परीक्षेत नावच विचारतात. आणि प्रत्येकाने 'माडाचा भाऊ' लिहिलं तर?" बरोबर आहे. नाव शिकवायचंच. नाव हवंच, नाहीतर एकमेकांशी बोलायचं कसं? आणि 'भाऊ' लिहिलं की गुण, असंही नाही. कशावरून भाऊ, हे विचारायचं. एकाने शेवग्याच्या पानाखाली 'चिंचेची बहीण' लिहिलं. कारण काय, तर दोन्हींची पानं बारीक. मी म्हटलं, फुलं आणि शेंगा घेऊन ये, मग ठरवू. तो दुसऱ्या दिवशी शेंगा घेऊन आला. चिंच फोडली, शेवगा फोडला, बिया शेजारी शेजारी ठेवल्या. शेवग्याच्या बीला पातळ पंख! चिंचोक्याला कुठे असतात? नातं त्यानेच मोडलं. नाव चुकलं की फुली मारून जे कधी झालं नसतं ते शेंग फोडून झालं. वेळ लागतो, हे मान्य. मला या घटकाला ठरलेल्यापेक्षा तीन तासिका जास्त लागल्या आणि त्या मी कार्यानुभवातून घेतल्या.

प्रकल्प वहीचा तक्ता मी या जूनपासून बदललाय. आधी दोन रकाने होते, पान आणि नाव. आता चार आहेत : पान, नाव (माहीत असल्यास), कोणासारखं वाटतं आणि कशावरून, कुणाला विचारलं. नावाला एकच गुण. 'माहीत नाही' लिहिलं आणि पुढचे दोन रकाने नीट भरले तर पूर्ण गुण मिळू शकतात. यंदा वह्यांत मी कधी न पाहिलेली पानं आली आहेत. सहा पानांची नावं मला अजून सापडलेली नाहीत, ती मी वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवली आहेत. येणारे-जाणारे पालक बघतात. एका आजींनी परवा एकाचं नाव सांगितलं, तर दुसऱ्या आजी म्हणाल्या, छे, ते नव्हे! दोघींचा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्याकडे असं काही करून पाहिलं तर जरूर कळवा, विशेषतः देशावरच्या आणि विदर्भातल्या शिक्षकांनी, तुमची झाडं वेगळी असणार.

आणि हो, तो मुलगा आता पाचवीत आहे. मैदानावर वर्तुळ काढलं तेव्हा सुतळी धरून मध्ये तोच उभा होता. ताहिनाची गोष्ट संपल्यावर सगळे उठले, तो तसाच राहिला आणि म्हणाला, "बाई, मगे माझो तो एक मार्क?"

ती वही केव्हाच रद्दीत गेली होती. मी चौथीची नोंदवही कपाटातून काढली, त्याच्यासमोर नऊ खोडून दहा केले आणि बाजूला सही केली.